सातऐवजी दहा

कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात एखाद्या रुग्णाचं भागलं नाही, तर पुढची चिठ्ठी गडचिरोलीची मिळते. कुणी ब्रह्मपुरी गाठतो, कुणी नागपूर. सती नदीच्या काठावरच्या या गावापासून यातली कुठलीच वाट जवळची नाही. त्यामुळे ‘तातडीचा विभाग चार तास बंद होता’ हे वाक्य इथला माणूस वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर आधी रस्ता येतो.

ज्या विभागाबद्दल मी लिहितो आहे तो अमेरिकेतल्या बॉस्टनचा. रुग्णालय बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर, हार्वर्डशी जोडलेलं, संगणकाच्या वापरात त्या देशात अग्रणी मानलं गेलेलं. तारीख १४ नोव्हेंबर २००२. आग लागली नव्हती, वीज गेली नव्हती, कुणी बाहेरून हल्लाही केला नव्हता. एका इमारतीतून दुसरीत जाणाऱ्या तारांच्या जाळ्यात संदेश गोल फिरू लागले आणि थांबेनात. आपल्याकडे आता गावोगाव फायबर पोचतंय, कागद हळूहळू पडद्यावर चाललाय. म्हणून हा घटनाक्रम आपण नीट, सावकाश वाचायला हवा.

सतरा वर्षे आधी, १९८५

संगणक एकमेकांना जोडायची जी पद्धत आज ऑफिसात, शाळेत, बँकेत सगळीकडे दिसते ती इथरनेट. मधे स्विच नावाची पेटी असते आणि तिच्या पोर्टांत, म्हणजे खाचांत, तारा खोचलेल्या असतात. आलेला संदेश कोणासाठी आहे हे स्विचला ठाऊक असेल तर तो नेमक्या तारेवर सोडतो. ठाऊक नसेल, किंवा संदेश सगळ्यांसाठीच असेल, तर तो आला त्या तारेखेरीज बाकी सगळ्या तारांवर सोडतो.

म्हणजे गावातली दवंडीच ही. फरक एवढा की इथे दवंडी ऐकणारा प्रत्येक स्विच ती पुढे पुन्हा देतो. गावाची रचना फांद्यांसारखी असेल तर शेवटच्या घरापर्यंत जाऊन ती थांबते. पण दोन वस्त्यांमध्ये दोन वाटा असल्या, तर एका वाटेनं गेलेली दवंडी दुसरीनं परत येते, पुन्हा दिली जाते, पुन्हा परत येते.

इंटरनेटच्या आयपी पाकिटावर आयुष्य लिहिलेलं असतं. प्रत्येक राउटरपाशी, म्हणजे एका जाळ्यातून दुसऱ्यात पाकीट पाठवणाऱ्या पेटीपाशी, आकडा एकानं कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून दिलं जातं. इथरनेटच्या फ्रेमवर, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या संदेशावर, असा आकडाच नाही. ती फेऱ्यात सापडली की मरत नाही. शंभर मेगाबिटच्या साध्या तारेवरून सर्वांत छोट्या फ्रेमा सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार जाऊ शकतात. फेरा पुरा झाला की काही क्षणांत तार तुडुंब भरते आणि कामाच्या संदेशाला जागा उरत नाही.

मग दुसरी वाट ठेवायचीच कशाला? कारण तार तुटते. उंदीर कुरतडतो, खोदकामात कुदळ लागते, पोर्ट जळतो. एकच वाट असेल तर ती तुटल्यावर पलीकडचे सगळे अंधारात. वाटा दोन हव्यात, पण एका वेळी चालू एकच हवी, आणि ती तुटली की दुसरी आपोआप उघडायला हवी.

हा प्रश्न डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधल्या रेडिया पर्लमन यांनी सोडवला. स्विचांनी आपसात छोटे निरोप पाठवायचे आणि त्यांतून एक मुखिया निवडायचा. त्याला रूट म्हणतात. मग प्रत्येकानं मुखियाकडे जाणारी आपली सर्वांत जवळची वाट उघडी ठेवायची आणि जास्तीच्या वाटा मिटून घ्यायच्या. उरतं ते फेरा नसलेलं झाड. यालाच स्पॅनिंग ट्री म्हणतात. काम इतकं आटोपशीर होतं की त्यांनी त्यावर एक छोटी कविताही रचली, आणि ती त्यांच्या शोधनिबंधाबरोबर छापली गेली. १९९० मध्ये ही पद्धत ८०२.१डी या नावानं मानक झाली.

मिटलेली वाट मिटलेली राहते ती निरोप येत राहतात म्हणून. दर दोन सेकंदांनी ‘मी आहे’ असा निरोप येतो. वीस सेकंद आला नाही तर स्विच समजतो की पलीकडचा रस्ता तुटला. मग तो पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि मिटलेलं पोर्ट उघडतो. या पन्नास सेकंदांचा हिशोब एका गृहीतावर बसवलेला आहे: जाळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सातपेक्षा जास्त स्विच नसावेत. सात हा आकडा लक्षात ठेवा.

सहा वर्षे आधी, १९९६

बॉस्टनमधली बेथ इस्रायल आणि डीकनेस ही दोन रुग्णालयं एक झाली आणि केअरग्रुप या समूहाचा भाग बनली. दोन संस्था एक होतात तेव्हा कागदावर सही एका दिवसात होते. तारा मात्र जिथल्या तिथे राहतात आणि त्यांना जोडत जावं लागतं. नवा विभाग आला की जवळच्या स्विचला एक स्विच जोडायचा, त्याला पुढे आणखी एक. प्रत्येक जोड त्या दिवशी बरोबरच असते. पूर्ण जाळं एका कागदावर काढून पाहणं मात्र कुणाच्या रोजच्या कामात बसत नाही.

एक वर्ष आधी, २००१

पन्नास सेकंद फार होतात हे सगळ्यांनाच जाणवत होतं. २००१ मध्ये ८०२.१डब्ल्यू हे वेगवान रूप आलं, रॅपिड स्पॅनिंग ट्री. त्यात पर्यायी वाट आधीच हेरून ठेवलेली असते. मुख्य तार तुटल्याचं कळताच ती लगेच उघडते. शेजारचे स्विच एकमेकांशी थेट बोलून खात्री करतात, घड्याळाची वाट पाहत बसत नाहीत. निरोप थांबला तरी वीसऐवजी सहा सेकंदांत हालचाल सुरू होते. पण ही चपळाई दोन्हीकडे नवी पद्धत असेल तरच. शेजारी जुना स्विच असला की त्या पोर्टवर कारभार जुन्याच चालीनं होतो. बॉस्टनच्या रुग्णालयात तेव्हा जुनंच जाळं धावत होतं.

२६ तास आधी: बुधवार १३ नोव्हेंबर २००२, दुपारी १.४५

कुरखेड्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, धानाच्या कापणीचे दिवस होते.

रुग्णालयाचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख जॉन हलाम्का यांच्या लक्षात आलं की ई-मेल जायला काही सेकंद लागताहेत. हा माणूस स्वतः तातडीच्या विभागातला डॉक्टर. संगणक मंदावला म्हणजे रुग्णाच्या खाटेपाशी काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते नेटवर्कच्या माणसांकडे गेले. त्यांनाही मंदपणा जाणवला होता.

रुग्णालयातल्या एका संशोधकानं एक प्रोग्राम चालू केला होता. जाळ्यावरच्या इतर संगणकांतली माहिती शोधायची आणि आपल्याकडे उतरवून घ्यायची, हे त्याचं काम. त्याची पुरती चाचणी झालेली नव्हती. त्यानं प्रचंड माहिती जाळ्यातून ओढायला सुरुवात केली.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण पुढे बरेच जण ‘त्या संशोधकामुळे जाळं पडलं’ एवढंच सांगतात. तो अर्धा भाग आहे. एका माणसाच्या एका प्रोग्रामनं अख्खं रुग्णालय आडवं होत असेल, तर ते आधीपासूनच आडवं व्हायला तयार होतं.

ते पन्नास सेकंद

स्विचमधून जाणारी माहिती बहुतेक वेळा त्यातली खास चिप हाताळते. पण स्पॅनिंग ट्रीचे निरोप स्विचचा छोटा प्रोसेसर वाचतो आणि लिहितो. माहितीचा लोंढा वाढला की प्रोसेसर दमतो आणि निरोप वेळेवर निघत नाहीत. मधल्या तारांवर गर्दी असते, तिथेही ते हरवतात.

पलीकडे पर्यायी पोर्ट मिटवून बसलेला स्विच वाट पाहतो. दोन सेकंद, चार, दहा, वीस. निरोप नाही. त्याच्या नियमानुसार याचा अर्थ एकच, रस्ता तुटला. खरं तर रस्ता शाबूत आहे, फक्त गर्दीनं भरलेला आहे. हे त्याला कळायला मार्ग नाही. तो पंधरा सेकंद ऐकतो, पंधरा सेकंद शिकतो आणि पोर्ट उघडतो.

आता दोन्ही वाटा उघड्या आहेत. फेरा पुरा झाला. दवंड्या फिरू लागतात. गर्दी दुप्पट, चौपट होते. मग दुसऱ्या स्विचचे निरोप हरवतात आणि तोही आपलं मिटलेलं पोर्ट उघडतो. फेरा रोखायला बसवलेला राखणदारच एकेक दरवाजा उघडत जातो, आणि प्रत्येक वेळी तो नियमानुसारच वागत असतो.

यावर उपाय आहे. लूप गार्ड ही सोय लावली असेल तर निरोप येणं थांबल्यावर मिटलेलं पोर्ट उघडत नाही, उलट अधिक घट्ट मिटून धोक्याची खूण करतं. ही सोय स्विचमध्ये असते, पण ती कुणीतरी हातानं लावावी लागते.

बुधवारची रात्र

नेटवर्कची माणसं जाळ्याचे भाग एकेक करून तपासत होती, काही बंद करून पाहत होती. निदान करायचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नव्हता. पण जाळ्याची रचना बदलली की स्विचांना पुन्हा सगळं गणित करावं लागतं आणि त्या काळात वाहतूक हेलकावते. दूरवरून तपासायचं म्हटलं तर तपासणीचे संदेशही त्याच तुंबलेल्या तारांवरून जायचे.

रात्र चढली तसं जाळं सावरलं. लोक घरी गेले होते आणि वाहतूक कमी होती. बरं वाटलं म्हणजे बरं झालं असा समज त्या रात्री झाला. ताप उतरला की औषध सोडणारा रुग्ण प्रत्येक डॉक्टरनं पाहिलेला असतो.

आठ तास आधी: गुरुवार १४ नोव्हेंबर, सकाळ

सकाळच्या पाळीची माणसं आली आणि संगणक सुरू झाले. जाळं पुन्हा कोसळलं.

तपासणीचा अहवाल पडद्यावर येईना. औषधाची मागणी संगणकातून जाईना. क्ष-किरणाचं चित्र दिसेना. माहिती कुठेही गेलेली नव्हती, सर्व्हरवर जशीच्या तशी सुरक्षित होती. तिच्यापर्यंत पोचायची वाट मात्र चालू-बंद, चालू-बंद होत राहिली. पूर्ण बंद पडलेल्या यंत्रणेपेक्षा ही अवस्था जास्त घातक. अहवाल आला की नाही, मागणी गेली की नाही, दुसऱ्यांदा पाठवायची की नाही, काहीच ठामपणे सांगता येत नाही.

मग प्रयोगशाळेचे कागद हातात घेऊन माणसं मजल्यामजल्यांवरून धावू लागली. जुने छापील नमुने शोधून काढले गेले. तरुण निवासी डॉक्टरांनी औषधाची मागणी कधी कागदावर लिहिलीच नव्हती. ज्येष्ठांनी त्यांना ते शिकवलं. आपल्याकडच्या परिचारिकेला याचं नवल वाटेल, तिच्या हातात केसपेपर अजून आहे. पण तो काढून घेतल्यावर दहा वर्षांनी तिच्या जागी आलेल्या मुलीला काय येत असेल, याचा विचार आज करायला हवा.

शून्य: गुरुवार, दुपारी ३.५०

रुग्णालयानं तातडीचा विभाग बंद केला. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे वळवल्या.

बॉस्टनच्या त्या भागात मोठी रुग्णालयं एकमेकांना लागून आहेत. ब्रिगहॅम अँड विमेन्स चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ॲम्ब्युलन्स वळली तर काही मिनिटं जातात. कुरखेड्याहून वळली तर पुढे आरमोरी, मग गडचिरोली, आणि पावसाळा असला तर मधल्या नाल्यांची कृपा. हा फरक मला या घटनेत सर्वांत जास्त टोचतो. ज्यांच्याजवळ पर्यायी रुग्णालय नाही, त्यांच्या नेटवर्कची राखण बॉस्टनपेक्षा कडक हवी.

शून्यानंतर चार तास: रात्री ७.५०

तातडीचा विभाग पुन्हा उघडला, पण काम कागदावर. त्याआधी हलाम्कांनी सिस्को कंपनीकडे मदत मागितली होती, आणि कंपनीनं ती ग्राहकावरची आणीबाणी मानली होती. अभियंते निघाले. कॅलिफोर्नियाहून बोइंग ७४७ विमानात यंत्रसामग्री चढवली गेली.

शुक्रवार १५ नोव्हेंबर

या दिवशी दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही महत्त्वाच्या.

पहिली म्हणजे हलाम्कांनी जाळ्याची चालू-बंदची ओढाताण संपवली. नेटवर्क मेलं असं समजायचं आणि जोवर ते खात्रीनं उभं राहत नाही तोवर सगळं काम कागदावर करायचं, असा निर्णय त्यांनी घेतला. अग्रणी म्हणवणाऱ्या संस्थेच्या संगणक प्रमुखानं संगणक बाजूला ठेवायला सांगणं सोपं नव्हतं. माझ्या मते पूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय हाच. डॉक्टरला, परिचारिकेला आपण कोणत्या पद्धतीनं काम करतोय हे पक्कं कळलं आणि गोंधळ थांबला.

दुसरी म्हणजे जाळ्याचा नकाशा काढता काढता तो आकडा सापडला. क्ष-किरण, सीटी स्कॅन अशा चित्रांसाठी असलेला जाळ्याचा भाग गाभ्यातल्या जवळच्या स्विचपासून दहा टप्पे दूर होता. गणित सात टप्प्यांवर बसवलेलं होतं. निरोपाचं वय प्रत्येक टप्प्यावर वाढतं. दूरच्या टोकाला तो पोचतो तेव्हा आधीच म्हातारा झालेला असतो आणि जरा गर्दी झाली की कालबाह्य ठरतो. तीन टप्पे जास्तीचे. एका दिवशी कुणीतरी एक स्विच जोडला, पुढे कधीतरी दुसऱ्यानं एक, नंतर तिसऱ्यानं. सगळं चालत होतं, म्हणून कुणी मोजलं नाही.

शनिवार-रविवार गाभा नव्यानं बांधण्यात गेला. स्विचांच्या एकाच अवाढव्य झाडाऐवजी मधे राउटर आले, म्हणजे एका भागातला फेरा दुसऱ्या भागात शिरू शकणार नाही. सोमवारी, १८ नोव्हेंबरला, रुग्णालय पुन्हा पडद्यावर काम करू लागलं. रुग्णाला गंभीर इजा झाल्याची नोंद झाली नाही. हलाम्कांनी झाकपाक केली नाही. जे घडलं ते इतर रुग्णालयांपुढे उघड मांडलं, म्हणूनच हे तास आज आपल्यापुढे आहेत. पुढच्या मार्च महिन्यात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यावर लेख आला.

आपल्याकडचे तास

भारतनेटच्या सुरुवातीच्या बांधणीत ग्रामपंचायतीपर्यंत फायबर सरळ रेषेत गेलं. मधे कुठे जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं गप्प. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मंजूर केलेल्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार रचना आहे, म्हणजे तार एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं वाहतूक चालू राहील. जंगलातून, नाल्यांवरून तार न्यायची तर हे हवंच. त्या वलयावर राउटर राखण करतात. वलयांसाठी खास बनलेल्या पद्धतीही आहेत. जी.८०३२ या मानकात तुटलेली तार पन्नास मिलिसेकंदांत ओलांडायचं उद्दिष्ट आहे. पन्नास सेकंदांवरून पन्नास मिलिसेकंदांवर यायला बरीच वर्षं लागली आहेत.

पण ही राखण इमारतीच्या दारापर्यंतच. आत शिरल्यावर कारभार आपला. टेबलाखाली आठ पोर्टांचा स्वस्त स्विच असतो. त्याला स्पॅनिंग ट्री ठाऊकच नसते. झाडू मारताना सुटलेली केबल कुणीतरी चांगल्या मनानं मोकळ्या पोर्टात खोचतो, आणि तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये असतं. सगळे दिवे एकदम लुकलुकू लागतात. मुख्य स्विच शहाणा असेल आणि त्याच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला की पोर्ट बंद करणारी सोय) आणि स्टॉर्म कंट्रोल (दवंड्यांचा लोंढा रोखणारी सोय) लावलेलं असेल, तर ते एक टेबल बंद पडतं आणि बाकी रुग्णालय चालू राहतं. लावलेलं नसेल तर नोंदणी, प्रयोगशाळा, औषधभांडार सगळं एकत्र बसतं.

मुखिया कोण, हेही बहुतेक ठिकाणी कुणी ठरवलेलं नसतं. सगळ्या स्विचांचा अग्रक्रम कारखान्यातून आलेला ३२७६८ तसाच राहतो. मग ज्याचा मॅक पत्ता, म्हणजे कारखान्यात दिलेला क्रमांक, सर्वांत लहान तो रूट होतो, आणि तो बरेचदा सर्वांत जुना, सर्वांत दुबळा निघतो. कोपऱ्यातल्या खोलीतली धुळीनं माखलेली पेटी अख्ख्या इमारतीचा मुखिया असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

गडचिरोली आणि चंद्रपूरच्या या तालुक्यांत रुग्णालयाच्या, तहसीलच्या, आश्रमशाळेच्या रॅकची किल्ली ज्यांच्याकडे आहे, त्यांना माझी विनंती आहे. जाळ्याचा नकाशा काढा आणि रॅकच्या दारावर आतून चिकटवा. स्विचांमधले टप्पे मोजा. रूट कोण हे तुम्ही ठरवा, कारखान्यावर सोडू नका. लूप गार्ड, बीपीडीयू गार्ड आणि स्टॉर्म कंट्रोल लावलंय का ते आज पाहा. आणि वैद्यकीय अधीक्षकांनी छापील केसपेपरचे गठ्ठे रद्दीत देऊ नयेत. वर्षातून एक दिवस नेटवर्क मुद्दाम बंद ठेवून सगळं रुग्णालय कागदावर चालवून पाहावं.